सोपानआबांचं माप

भाकरीची जाडी व्हर्नियरने मोजणारा माणूस मी एकच पाहिला. व्हर्नियर म्हणजे कारखान्यात सुट्या भागांची मापं घ्यायचं, सरकत्या जबड्याचं स्टीलचं हत्यार. सोपानआबांनी ते कपाटातून काढलं, पंचाने पुसलं, ताटातली भाकरी उभी धरली, जबडा अलगद मिटवला आणि मोबाइलच्या पडद्यावर दिसणाऱ्या आहारतज्ज्ञ बाईंना सांगितलं, "चार पूर्णांक दोन मिलीमीटर. आता तुमी सांगा, ही मध्यम हाय का जाड?"

बाई एवढंच म्हणाल्या होत्या की, दोन्ही वेळेला एकेक मध्यम भाकरी खा.

"मध्यम म्हंजे किती? व्यास सांगा, जाडी सांगा, अधिक-उणं किती चालंल ते सांगा. न्हाईतर आमच्या घरात भाकरी करत्यात का पाट, ह्याचा निकाल कसा लागायचा?"

आतून हौसाआजींचा आवाज आला, "पंचेचाळीस वर्सं तीच भाकरी खाल्ली तवा न्हाई मोजली."

बाई हसू दाबत म्हणाल्या, "साधारण सहा इंच असू द्या, आबा." आबांनी वहीत 'भाकरी : व्यास १५० मिमी, अधिक-उणे ५' असं लिहून खाली सही केली. दुसऱ्या दिवशी स्वयंपाकघराच्या ओट्यावर मार्करने काढलेलं एक गोल वर्तुळ होतं. हौसाआजींनी त्या वर्तुळात लोणच्याची बरणी ठेवली होती.

त्या दिवशी मोबाइल धरून मी उभी होते. पुढचे कित्येक महिने मी आबांच्या शेजारी तशीच मोबाइल धरून उभी राहिले, म्हणून त्यांच्याविषयी मला थोडं सांगता येईल असं वाटतं.

आम्ही हिंगोलीकडचे. वडील चाकणच्या एका कंपनीत प्रेस मशीनवर कंत्राटी कामाला आहेत. निघोज्यात आबांच्या घरावरच्या दोन खोल्यांत आम्ही भाड्याने राहतो. आमच्या घरातून कॉलेजात गेलेली मी पहिली, त्यामुळे कॉलेजात सांगतील ते मी जरा जास्तच मनावर घेत असे. दुसऱ्या वर्षाला आम्हाला एक काम मिळालं. प्रत्येक विद्यार्थ्याने आपल्या भागातले मधुमेह असलेले पाच ज्येष्ठ निवडायचे आणि त्यांना मोबाइलमधलं एक ॲप वापरायला शिकवायचं. त्यांनी रोज सकाळी उपाशीपोटी आणि दुपारी जेवणानंतर दोन तासांनी बोट टोचून शुगर मोजायची आणि आकडा ॲपमध्ये भरायचा. आकडा ठीक असला तर रकाना हिरवा होई, थोडा चढा असला तर पिवळा, फारच चढा असला तर लाल. तालुक्याचे एक डॉक्टर पंधरा दिवसांनी ते रकाने पाहत आणि व्हिडिओ कॉलवर गोळ्या कमी-जास्त करत.

माझ्या पाच जणांत पहिलं नाव आबांचं होतं, कारण ते जिन्याखालीच राहत होते.

पहिल्या दिवशी मी त्यांना सगळं समजावलं. आकडे खरे भरा, पाय रोज तपासा, चहात साखर नको. शेवटी उगाचच एक वाक्य बोलले. "आबा, लाल रकाना आला की आमच्या मॅडम मला विचारतात, वैशाली, तुझ्या गटात काय चाललंय?"

आबांनी मान हलवली. "म्हंजे रिजेक्शन झालं की जबाबदारी तुझी. बरं. तू सुपरवायझर." तेव्हापासून मला त्यांनी नावाने हाक मारली नाही.

आबा मूळचे निघोज्याचेच. त्यांची जमीन कंपनीसाठी गेली आणि त्या बदल्यात त्यांना त्याच कंपनीत नोकरी लागली. तयार झालेले गिअर तपासून पास किंवा नापास करायचं काम. "माज्या ज्वारीच्या वावरात मी अठ्ठावीस वर्सं गिअर मोजले," असं ते सांगायचे. त्यात तक्रार नसायची, किंवा असली तरी मला कळायची नाही. निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली तरी त्यांचा दिवस शिफ्टनेच चाले. सकाळी सातला दाढी करून, शर्टाच्या खिशाला पेन लावून, पायात कंपनीचे पुढून लोखंडी टोपी असलेले सेफ्टी शूज घालून ते घरापुढच्या ओट्यावर हजर. ते बूट कशाला, असं एकदा विचारलं तर म्हणाले, "अजून झिजले न्हाईत. झिजल्याबिगर बदली करायचा नेम न्हाई."

शुगरचं मशीन त्यांच्या हातात दिलं तर त्यांनी आधी ते चालवायलाच नकार दिला. "गेज तपासल्याबिगर माप घ्यायचं न्हाई." मशीन रुमालात गुंडाळून ते आरोग्य केंद्रात गेले, तिथल्या मशीनवर एकदा आणि स्वतःच्या मशीनवर एकदा बोट टोचून घेतलं आणि दोन्ही आकडे जुळवून पाहिले.

सिस्टर वैतागून म्हणाल्या, "अहो आबा, ते मशीन नवीन आहे."

"नवं हाय म्हनूनच. जुन्याची खोड ठावं असती."

घरी येऊन त्यांनी मशीनच्या पाठीवर चिठ्ठी चिकटवली, 'तपासले, ओके', खाली सही. मोबाइलच्या पाठीवरही एक चिठ्ठी होती, 'बटन अडकल्यास सुपरवायझरला विचारा'. मग रोज सकाळी पावणेनऊच्या सुमाराला जिन्याखालून हाक यायची, "सुपरवायझर! पाठवू का?" मी वरून ओरडायची, "पाठवा!" मग चष्म्यावरून आणि चष्म्यातून असा दोनदा आकडा पाहून आबा हिरवं बटण नखाने दाबायचे. पहिले काही दिवस आई दचकून विचारायची, "काय पाठवायलेत गं हे रोज?"

बाकी चार जणांचे रकाने रंगपंचमीसारखे. आबांचे मात्र पहिल्या आठवड्यापासून हिरवेगार. एकशे तीस, एकशे अठ्ठावीस, एकशे सव्वीस. डॉक्टर कॉलवर म्हणाले, "आबा, तुमच्यासारखे पेशंट असते तर मला सुट्टी मिळाली असती." आबा म्हणाले, "मापात आलं तर पीस, न्हाईतर भंगार. सादी गोष्ट हाय." मॅडमनी आबांचा तक्ता छापून कॉलेजच्या फलकावर लावला. खाली माझं नाव. वडिलांनी त्याचा फोटो कंपनीत नेऊन मशीनवरच्या सगळ्यांना दाखवला, जणू आबांची शुगर आमच्या घरात पिकली होती.

एक गोष्ट मला खटकायला हवी होती. शुगर मोजायच्या पट्ट्या महिन्याला पुरतील इतक्या आरोग्य केंद्रातून मिळायच्या, पण आबांच्या बारा-तेरा दिवसांत संपायच्या. उरलेल्या ते स्वतः मेडिकलमधून आणायचे. मला वाटलं, हात थरथरत असेल, वाया जात असतील. मी विचारलं नाही. हिरव्या तक्त्याला प्रश्न विचारायची माझी इच्छाच नव्हती, हे आता कळतं.

तीन महिने होत आले होते. एका सकाळी हौसाआजी जिना चढून वर आल्या. त्या कधी वर येत नसत, गुडघे दुखायचे. त्यांच्या हातात आबांचा मोजा होता.

"हे बघ गं पोरी. हे म्हनत्यात गंज हाय."

मोज्याच्या टोकाला तांबूस-काळा डाग होता. मी खाली गेले. आबा ओट्यावर बसले होते आणि उजवा पाय डाव्या पायामागे घेत होते.

"बुटाच्या टोपीचा गंज हाय," ते म्हणाले. "पावसाचं पानी शिरलं आसंल."

"आबा, ॲपमध्ये रोज विचारतात, पाय तपासले का. तुम्ही रोज हो म्हणता."

"तपासतो की."

"काय तपासता?"

"दोन हायेत का ते बघतो. हायेत."

हौसाआजी म्हणाल्या, "बुद्धी बी तशीच तपासा एकदा."

बऱ्याच आढ्यावेढ्यांनंतर त्यांनी मोजा काढला. अंगठ्याशेजारचं बोट टोकाला काळं पडलं होतं आणि खाली रुपयाएवढी जखम होती. बुटाची लोखंडी टोपी किती दिवस तिथे घासत होती कोण जाणे. मी घाबरून विचारलं, "दुखत नाही?" आबा जरा अभिमानानेच म्हणाले, "अजाबात न्हाई." न दुखणं हीच त्यातली वाईट गोष्ट आहे, हे या कामाच्या प्रशिक्षणात आम्हाला शिकवलं होतं. मी वहीत ते अधोरेखितसुद्धा केलं होतं.

फोटो काढून ॲपवरून पाठवला. दहा मिनिटांत डॉक्टरांचा फोन आला, आजच्या आज पिंपरीच्या मोठ्या दवाखान्यात न्या. तिथे मलमपट्टी झाली, रक्त घेतलं. संध्याकाळी तीन महिन्यांची सरासरी शुगर सांगणारा रिपोर्ट आला. तालुक्याच्या डॉक्टरांनी तो व्हिडिओ कॉलवर पाहिला, मग आबांचा तक्ता पाहिला, मग मला म्हणाले, "वैशाली, हे दोन्ही एकाच माणसाचे असू शकत नाहीत."

ते रागावले असते तर बरं वाटलं असतं. ते फक्त दमल्यासारखे वाटले. त्यांनी सांगितलं, उद्यापासून इन्सुलिन. सकाळचा आकडा आला की ते डोस कळवणार. शुगर आठ दिवसांत खाली आली तर जखम पुढे सरकणार नाही. नाही आली तर आधी बोट, मग पाय.

घरात शिरताच मी आबांचं मशीन मागून घेतलं. त्या मशीनला एक छोटं बटण असतं. ते दाबत गेलं की जुने आकडे वेळेसकट उलटे दिसत जातात. आबांना ते बटण माहीत नव्हतं, आणि मला माहीत असून मी ते कधी दाबलं नव्हतं. आता दाबलं. सकाळी आठ चाळीस, एकशे अठ्ठावीस. हा आकडा ॲपमध्ये होता. पुन्हा दाबलं. आठ दहा, एकशे सदुसष्ट. पुन्हा. साडेसात, दोनशे नऊ. पुन्हा. सात पाच, दोनशे छप्पन्न. त्याच्या आदल्या दिवशीही तसंच, त्याच्या आदल्या दिवशीही. दुपारचं दोन तासांचं माप तर चार-चार तासांनी घेतलेलं.

"आबा, हे काय आहे?"

"रिवर्क," आबा म्हणाले.

रिवर्क म्हणजे मापाबाहेर गेलेला भाग फेकून न देता पुन्हा मशीनवर लावून मापात आणायचा. आबा उठून मोजायचे, आकडा चढा आला की गोळी घेऊन घराला फेऱ्या मारायचे, जिना वरखाली करायचे, गरम पाणी प्यायचे, पुन्हा मोजायचे. मापात येईपर्यंत. डाव्या करंगळीचा आकडा जरा कमी येतो, हाही त्यांनी शोध लावला होता.

हौसाआजी कपाळावर हात मारून म्हणाल्या, "आन् मला वाटलं, म्हातारपनी देवाला प्रदक्षिना घालाया लागले!"

"तुम्ही डॉक्टरांना खोटं कळवलंत, आबा."

माझा आवाज चढला होता. त्यांच्याशी मी तशी कधीच बोलले नव्हते. आबा ताठ झाले. "एक बी आकडा खोटा न्हाई. मशीनवर आलेलाच आकडा लिवला. कंपनीत बी रजिस्टरात शेवटचं माप जातं. पीस किती येळा घासला, हे कस्टमरला कुनी सांगतं व्हय?"

"पण डॉक्टर कस्टमर नाहीत. त्यांना तुमचं ठीक चाललंय असं वाटलं, म्हणून त्यांनी गोळ्या वाढवल्या नाहीत. तीन महिने."

आबा पायावरच्या पांढऱ्या पट्टीकडे बघत राहिले. मग अगदी हळू म्हणाले, "तू पैल्या दिवशी म्हनालीस, लाल आलं की मॅडम तुला विचारत्यात. तुज्या घरातलं कालेजात गेलेलं पैलं मानूस तू. म्हनलं, हिच्या लाइनला रिजेक्शन नको."

फलकावरच्या त्या तक्त्याखाली मी मैत्रिणीकडून स्वतःचा फोटो काढून घेतला होता. हौसाआजींनी दोघांच्या मध्ये चहा आणून ठेवला आणि म्हणाल्या, "बिनसाखरेचा हाय. दोघं बी प्या."

दुसऱ्या दिवशी सात वाजून पाच मिनिटांनी, म्हणजे नेहमीपेक्षा कितीतरी लवकर, हाक आली.

"सुपरवायझर! दोनशे एकाहत्तर हाय. लाल येनार. पाठवू का?"

मी जिन्याच्या वरच्या पायरीवर उभी होते. पंधरा दिवसांनी कॉलेजात आमचं शेवटचं सादरीकरण होतं. कबूल करायला हवं, एक श्वासभर मला वाटून गेलं की आज राहू दे, उद्यापासून खरं. खाली आबा मान वर करून वाट बघत होते आणि त्यांचा पट्टी बांधलेला पाय पायरीवर होता.

"पाठवा," मी म्हणाले.

डोस आला. इन्सुलिनची सुई आबांनी उजेडात धरून टोकापासून तपासली आणि मग स्वतःच टोचून घेतली. दुसऱ्या दिवशी दोनशे पंचेचाळीस, लाल. तिसऱ्या दिवशी दोनशे अठरा, लाल. माझा आदर्श तक्ता शेवटाकडे पेटल्यासारखा दिसू लागला. सहाव्या दिवशी एकशे ब्याऐंशी आले, रकाना पिवळा झाला. तेव्हा आबांनी खालून नुसतीच शिट्टी वाजवली.

बोट मात्र वाचलं नाही. पुढचा भाग काढावा लागला. जखम तिथेच थांबली होती. शस्त्रक्रिया करणारे डॉक्टर हौसाआजींना म्हणाले, "अजून महिनाभर हिरवंच कळवत राहिले असते, तर घोट्यापर्यंत विचार करावा लागला असता." हौसाआजी बाहेर येऊन बाकावर बसल्या, पदर तोंडाला लावला आणि बराच वेळ तशाच बसून राहिल्या. मी त्यांच्याशेजारी बसले.

आम्ही आत गेलो तेव्हा आबा शुद्धीवर आले होते. पायाकडे बोट करून म्हणाले, "धा बोटांतलं एक रिजेक्ट. नऊ ओके."

"गप पडा," हौसाआजी म्हणाल्या, आणि त्यांच्या अंगावरची चादर उगाचच दोनदा सारखी केली.

सादरीकरणाला सगळ्या विद्यार्थ्यांनी आपापल्या ज्येष्ठांना आणायचं होतं. मी आबांना येऊ नका म्हणाले होते, टाके ओले होते. तरीही ते आले. पायात नव्या मऊ तळाच्या चपला, खिशाला पेन, एका हाताने भिंत आणि दुसऱ्या हाताने हौसाआजींचा खांदा. सभागृहात निघोजे, कुरुळी, आसपासच्या वाड्यावस्त्यांवरचे तीस-चाळीस म्हातारे-म्हाताऱ्या बसल्या होत्या. पडद्यावर एकेकाचा तक्ता येत होता. हिरवा, हिरवा, कुठे एखादा पिवळा. टाळ्या. मग माझा आला.

मॅडमनी चष्मा नीट केला. "वैशाली, इतकं छान चाललं होतं. शेवटी हे असं का बिघडलं?"

मी उत्तर पाठ केलं होतं. मी माइक हातात घेतला. तेवढ्यात मागून खुर्ची सरकल्याचा आवाज आला.

"बाई, बिघडल्यालं आधीच हुतं. आता दिसाया लागलं."

सगळ्यांनी मागे वळून पाहिलं. आबा उभे होते.

"ते हिरवं हाय ना, ते मी घासून घासून मापात बसिवलेलं हाय. तीन महिनं. त्यापायी एक बोट गेलं. लाल हाय ते खरं माप हाय, त्यापायी पाय ऱ्हायला. पोरीची चूक न्हाई. इन्स्पेक्शन माजं चुकलं."

आबा पुढे पडद्याकडे गेले नाहीत. ते सभागृहातल्या म्हाताऱ्यांकडे वळले आणि कारखान्यात एकेका मशीनवाल्याला विचारावं तसं विचारलं, "आता तुमी सांगा. तुमचं हिरवं हाय, ते पैल्या मापाचं हाय का शेवटच्या?"

कुणी पंख्याकडे बघू लागलं, कुणी चपलेत बोटं हलवू लागलं. शेवटी दुसऱ्या रांगेतल्या, कुरुळीच्या एका जाड भिंगाच्या आजींनी हळूच हात वर केला.

"माजं तर सुनेचं हाय."

"म्हंजे?"

"बोट तिचंच टोचते. तिला दुखत न्हाई फारसं."

आधी एक जण हसला, मग सगळे हसले. हसता हसता आणखी एक हात वर गेला, मग तिसरा. चाकणचे एक काका म्हणाले, आपण चढं आलं की तो दिवस गाळूनच टाकतो. माझ्या वर्गातली मुलं एकमेकांकडे बघत होती. पडद्यावर अजून माझाच तक्ता होता आणि सगळ्या सभागृहात आता तेवढाच खरा वाटत होता.

मॅडम खाली उतरून कुरुळीच्या आजींजवळ गेल्या. "आजी, मग तुमची स्वतःची शुगर किती असते?"

आजी म्हणाल्या, "कुनाला ठावं? ती कदी मोजलीच न्हाई."

आबा खुर्चीच्या आधाराने त्यांच्यापर्यंत पोहोचले होते. त्यांनी पिशवीतून मशीन काढलं, नवी सुई काढली, पट्टी लावली आणि माझ्याकडे न बघताच हात पुढे केला. मी वही दिली.

"आजी, हात धुऊन या," आबा म्हणाले. "पैलंच माप लिवायचं हाय."